नोंद बदलणारा दुसरा माणूस

दुकानात एकच कॉम्प्युटर चालू आहे, त्याच्यापुढे एकच बाई बसल्या आहेत, आणि पडद्यावर मजकूर उमटतो: तुम्ही ही नोंद उघडल्यानंतर दुसऱ्या कोणीतरी ती बदलली आहे. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसवर हिशेब ठेवणाऱ्यांना ही खिडकी चांगलीच ओळखीची आहे. तिचं शीर्षक ‘राइट कॉन्फ्लिक्ट’. खाली तीन बटणं असतात: नोंद जतन करा, बदल क्लिपबोर्डवर घ्या, बदल सोडून द्या. त्यातलं पहिलं, म्हणजे नेमकं जे हवं असतं तेच, पुष्कळदा फिकट पडलेलं असतं आणि दाबलं जात नाही.

हा दुसरा कोणीतरी कोण, याचा शोध या प्रकरणात घ्यायचा आहे. त्यासाठी सियागंजात जाऊ. इंदूरच्या रेल्वे स्टेशनालगतचा हा घाऊक बाजार. किराणा, मसाले, सुकामेवा यांची दुकानं एकाला एक चिकटून, गल्ल्यांत हातगाड्या आणि लोडिंग रिक्षा, आणि माळवा-निमाडातल्या गावोगावच्या दुकानदारांच्या मालाच्या याद्या. मी घेतलेलं दुकान काल्पनिक आहे. त्यात जे दोष दाखवतोय ते मात्र सगळे खरे आहेत, आणि एकाच दुकानात नसले तरी ठिकठिकाणी वारंवार सापडणारे आहेत.

दुकान हळद, जिरं, बदाम, काजू असल्या मालाचं. जीएसटीची बिलं आणि ताळेबंद टॅलीत, पण पोत्यांचा हिशेब वेगळा. कोणत्या लॉटची किती पोती आली, प्रत्येकाचं काट्यावरचं वजन किती, बारदान किती वजा केलं, दलाल कोण, बिल्टी कोणत्या ट्रान्सपोर्टची, हे सगळं कुणीतरी फार पूर्वी ॲक्सेसमध्ये बसवून दिलेलं. सुरुवातीला एकच फाइल होती आणि दुकानातले, गोदामातले सगळे कॉम्प्युटर तीच उघडायचे. ॲक्सेसच्या फाइलला 2 जीबीची मर्यादा आहे, आणि नेटवर्कवर चौघांनी एकदम उघडलेली फाइल अधूनमधून बिघडतेच. म्हणून 2016 च्या सुमारास माहिती एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसवर हलवली असं धरू. ही आवृत्ती फुकट मिळते आणि तिच्यात तेव्हा एका डेटाबेसला 10 जीबीपर्यंत जागा असे. पडदे मात्र जुने, ॲक्सेसचेच ठेवले, कारण हिशेब ठेवणाऱ्या ताईंची बोटं त्यांवर बसलेली. माहिती एकीकडे, पडदे दुसरीकडे, मधे ओडीबीसी नावाचा दुभाषा. अशी जोडणी असंख्य छोट्या धंद्यांत आहे आणि एरवी बरी चालते.

मग एके दिवशी ती खिडकी येते. कॉम्प्युटरवाल्याला फोन जातो.

“ताई, दुसऱ्या मशीनवर कोणी हेच पान उघडून बसलंय का?”

“कोण बसणार? शेटजी जेवायला गेलेत, आणि गोदामातलं मशीन कालपासून बंद आहे.”

“मग एकदा बंद करून चालू करा.”

“केलं रे भाऊ. तेच येतंय.”

अशा वेळी पहिली शंका नेटवर्कवर जाते, दुसरी व्हायरसवर, आणि तिसरी, ती सहसा कुणी बोलून दाखवत नाही, गोदामातल्या पोरावर. या तिन्हींत वेळ घालवण्याआधी कॉम्प्युटरनं हे वाक्य कशावरून काढलं ते विचारावं. त्यानं दुसरा माणूस पाहिलेला नाही. त्याला तसा डोळाच नाही. त्यानं पाहिलं ते वेगळंच काहीतरी, आणि त्यावरून माणसाचा तर्क केला.

तर्क करण्याची वेळ का येते, ते आधी बघू. हळदीच्या एका लॉटची 40 पोती शिल्लक आहेत. दुकानातल्या ताईंनी पान उघडलं, 40 दिसली. त्याच मिनिटाला गोदामातल्या माणसानंही पान उघडलं, त्यालाही 40 दिसली. ताईंनी 10 पोती विकली आणि 30 लिहून जतन केलं. गोदामातल्यानं 5 दिली आणि 35 लिहून जतन केलं. शेवटी डेटाबेसमध्ये राहिली 35. प्रत्यक्षात 25 उरली आहेत. दोघांनीही काही चुकीचं केलं नाही, दोघांचाही कॉम्प्युटर बिघडलेला नाही, तरी 10 पोत्यांची विक्री हिशेबातून गेली. डेटाबेसच्या पाठ्यपुस्तकांत याला ‘लॉस्ट अपडेट’ म्हणतात. मुंबई आयआयटीचे एस. सुदर्शन ज्याचे एक लेखक आहेत, त्या सिल्बरशात्झ-कोर्थ-सुदर्शन यांच्या जगभर शिकवल्या जाणाऱ्या पुस्तकात एकाच वेळी चालणाऱ्या व्यवहारांच्या बंदोबस्ताला प्रकरणंच्या प्रकरणं दिली आहेत.

बंदोबस्ताच्या दोन रीती. एक म्हणजे कुलूप. ताईंनी पान उघडलं की त्या नोंदीला कुलूप, त्यांचं होईपर्यंत बाकीचे थांबतील. आयबीएमच्या एस्वरन, जिम ग्रे, लॉरी आणि ट्रेगर या चौघांनी 1976 साली या कुलपांची शिस्त नीट मांडली. रीत चोख आहे, पण ताई पान उघडं ठेवून चहाला गेल्या तर अख्खं गोदाम अडतं. म्हणून बहुतेक डेटाबेसमध्ये वाट बघायची मुदत ठरवता येते. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत ती मूळ सेटिंगला 50 सेकंदांची आहे. मुदत संपली की वेगळा एरर येतो, आणि तो निदान खराच दुसऱ्याच्या कुलपाबद्दल असतो.

दुसरी रीत विश्वासाची. कुलूप लावायचंच नाही. दोघं एकाच वेळी एकाच नोंदीत हात घालतील ही शक्यता कमी, असं धरायचं आणि फक्त जतन करताना तपासायचं: मी वाचली तेव्हा नोंद जशी होती, तशीच ती अजून आहे का? असेल तर लिहायचं, नसेल तर बोंब मारायची. एच. टी. कुंग आणि जॉन रॉबिन्सन यांचा 1981 चा निबंध या विचाराचा उगम मानतात. ॲक्सेसचे पडदे एसक्यूएल सर्व्हरला जोडले की याच रीतीनं वागतात. गोम आहे ती ‘जशी होती तशीच’ या शब्दांत. हे ठरवायचं कसं?

इथे एडगर कॉड यांची कल्पना आड येते. जून 1970 च्या त्यांच्या निबंधानं डेटाबेसचा पायाच बदलला. त्याच्या आदल्याच वर्षी इंदूरच्या एसजीएसआयटीएसमधून दीपक फाटक विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडले होते. पुढे मुंबई आयआयटीत डेटाबेस हा त्यांच्या अध्यापनाचा आणि संशोधनाचा एक विषय झाला आणि 2013 साली त्यांना पद्मश्री मिळाली. फाटक शिकत होते त्या काळात प्रोग्रामला माहिती कुठे ठेवली आहे हे ठाऊक असावं लागे. कॉड म्हणाले, जागेचा संबंध तोडून टाका, नोंद ओळखायची ती तिच्यातल्या मजकुरावरून. खतावणीत मुनीम ओळीवर बोट ठेवून ‘ही’ म्हणू शकतो, कॉडच्या टेबलात बोट ठेवायची सोय नाही. तिथे सांगावं लागतं: ज्या नोंदीचा लॉट नंबर अमुक आहे, ती.

आता ॲक्सेस काय करतं बघा. ताईंनी पान उघडलं तेव्हाचे सगळे आकडे ते लक्षात ठेवतं. ताई दर बदलतात, जतन दाबतात. ॲक्सेस सर्व्हरला आज्ञा धाडतं, तिचा मराठीत अर्थ असा: ज्या नोंदीचा लॉट नंबर 1187 आहे, आणि माल ‘हळद’ आहे, आणि वजन 49.7 आहे, आणि दर जुना होता तोच आहे, आणि बारदान तेवढंच आहे, तिचा दर नवीन कर. दरम्यान कुणी काही बदललं असेल तर यातली एखादी अट जुळणार नाही, आणि सर्व्हर उत्तर देईल: शून्य नोंदी बदलल्या.

सर्व्हरच्या दृष्टीनं हा एरर नाही. आज्ञा व्याकरणशुद्ध होती, तिनं सांगितलेल्या वर्णनाची नोंद सापडली नाही, इतकंच. ॲक्सेसनं मात्र एक नोंद बदलेल म्हणून आज्ञा धाडली होती. एकाऐवजी शून्य आलं, म्हणून त्यानं तर्क केला की मधे कुणीतरी येऊन गेलं. आणि तो तर्क वस्तुस्थिती म्हणून पडद्यावर छापला.

मायक्रोसॉफ्टच्याच एंटिटी फ्रेमवर्क या प्रोग्रामरांच्या साधनानं हे काम जास्त प्रामाणिकपणे केलं आहे. तिथला संदेश आधी सांगतो, की एक नोंद बदलायला हवी होती, शून्य बदलल्या. मग पुस्ती जोडतो, की कदाचित मधल्या काळात माहिती बदलली किंवा पुसली गेली असेल. आधी पाहिलेलं, मग अनुमान. हा क्रम सगळ्या प्रोग्रामर मंडळींनी पाळला असता तर कॉम्प्युटरवाल्यांच्या कितीतरी फेऱ्या वाचल्या असत्या.

तेव्हा प्रश्न असा उरतो: कुणी काही बदललेलं नसताना अट का जुळली नाही?

शोध सुरू करायचा तो ‘कोणत्या नोंदींवर’ या प्रश्नापासून. ताईंना सांगायचं की एकामागून एक लॉट उघडा, दरात एका रुपयाचा फरक करा, जतन करा, चाललं की परत पूर्ववत करा, आणि कागदावर दोन रकाने करा, चालले आणि अडले. अर्ध्या तासात कागद बोलायला लागतो. आपल्या दुकानात तो असं बोलतो: 50 किलोचं पोतं चाललं. 49.5 चाललं. 50.25 चाललं. 49.75 चाललं. 49.7 अडलं. 50.2 अडलं. 49.9 अडलं.

पाव, अर्धा, पाऊण सुखरूप, बाकीचे अडकले. याला योगायोग म्हणता येत नाही.

कॉम्प्युटर आकडे दोनच्या पटीत मांडतो. पूर्णांकाच्या पुढे त्याच्याकडे अर्धा, पाव, अर्धपाव, एक सोळांश, असे निम्मेनिम्मे होत जाणारेच तुकडे आहेत. अर्धा म्हणजे एक तुकडा, पाऊण म्हणजे अर्धा अधिक पाव, झालं. पण 0.7 या तुकड्यांतून कधीच पुरा होत नाही. अर्धा घ्या, अर्धपाव घ्या, एक सोळांश घ्या, 0.6875 झाले. अजून तुकडे घालत राहा, 0.7 जवळ येतं, हाती लागत नाही. द्विमान लिपीत ते 0.10110011001100 असं अनंत चालू राहतं. कुठेतरी तोडावंच लागतं. कुठे तोडायचं याचा नियम आयईईई 754 या 1985 च्या मानकानं घालून दिला. विल्यम काहान त्याचे मुख्य शिल्पकार, त्यांना 1989 चा ट्युरिंग पुरस्कार याच प्रकारच्या कामासाठी मिळाला.

ॲक्सेसमध्ये वजनाचा कॉलम ‘सिंगल’ प्रकारचा होता, म्हणजे 4 बाइटचा. एसक्यूएल सर्व्हरवर गेल्यावर तो ‘रिअल’ झाला, तोही 4 बाइटचा. त्यात 49.7 लिहिलं की प्रत्यक्षात साठतं सुमारे 49.70000076. पडद्यावर गोल करून 49.7 दिसतं, ताईंना कळायचं कारण नाही. पण जतन करताना तो आकडा ओडीबीसीच्या वाटेनं अटीत बसून परत जातो, आणि वाटेत कुठे त्याला छापील दशांशात लिहून मग 8 बाइटच्या मापात घातलं, की तिकडे पोचतं 49.7, दशांशाच्या चौदा घरांपर्यंत स्वच्छ. सर्व्हर विचारतो, 49.70000076 आणि 49.7 सारखे आहेत का? नाहीत. शून्य नोंदी. ॲक्सेस म्हणतं, दुसऱ्या कोणीतरी बदललं. 49.5 ला ही अडचण नाही, कारण तो 4 बाइटमध्येही नेमका 49.5 आहे आणि 8 बाइटमध्येही.

एक आडवळण घेतो. कॉम्प्युटर रुपया-आणे-पैच्या काळात सियागंजात आला असता तर आण्यांवर तो कधी अडखळला नसता. रुपयाचे 16 आणे, एक आणा म्हणजे 0.0625, द्विमान लिपीत नेमका. जुना पैसा म्हणजे रुपयाचा 64 वा भाग, तोही नेमका. 16 छटाकांचा शेर, तेही छान. घोळ झाला असता तो पैवर, कारण रुपयाच्या 192 पै आणि 192 मध्ये तीनचा भाग येतो, आणि 40 शेरांच्या मणावर, कारण 40 मध्ये पाचाचा. 1957 च्या एप्रिलमध्ये नवे पैसे आले, पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून किलो-ग्रॅमची वजनं टप्प्याटप्प्यानं आली, आणि माणसांचा हिशेब सोपा झाला तो यंत्राला अवघड झाला. आजच्या रुपयाच्या शंभर पैशांपैकी द्विमान लिपीत नेमके बसतात फक्त चार आकडे: 00, 25, 50 आणि 75. उरलेले 96 जवळपासचे. बँकांचे आणि दुकानांचे हिशेब तरीही जुळतात, कारण पैशासाठी वेगळा प्रकार वापरायचा असतो. ॲक्सेसचा ‘करन्सी’ प्रकार आतून पूर्णांकच आहे, दशांशाची चार घरं धरून ठेवणारा. एसक्यूएल सर्व्हरचा ‘डेसिमल’ही दशांश जसाच्या तसा ठेवतो. आपल्या दुकानात दराचा कॉलम ‘करन्सी’ होता म्हणून दरानं कधी त्रास दिला नाही. वजनाला कुणी हा मान दिला नव्हता.

वजनाचा कॉलम ‘डेसिमल’ केला, तीन घरं दिली, ग्रॅमपर्यंत सोय झाली. खिडकी गेली. आठवडाभरानं परत आली.

आता मात्र ती गिऱ्हाइकांच्या पानावर येते. वजनाचा संबंध नाही. परत कागद, परत दोन रकाने. जुनी गिऱ्हाइकं अडतात, गेल्या काही वर्षांतली नवी चालतात. देवास, धार, खरगोन, गाव कुठलंही असो, नोंद जुनी असली की अडते. जुनी म्हणजे किती? तारखा लावल्या तर रेघ दिसते: जुलै 2017. त्या महिन्यात जीएसटी लागू झाला आणि टेबलात एक कॉलम वाढवला गेला, ‘जीएसटी नोंदणी आहे का’, हो किंवा नाही. नव्या गिऱ्हाइकांत तो भरला गेला. जुन्यांत तो रिकामाच राहिला.

रिकामा म्हणजे नाही असं ताई म्हणतील, ॲक्सेसही तसंच म्हणतं. त्याच्या हो-नाही प्रकारात रिकामं नावाची अवस्थाच नाही. चौकोनात खूण नसली की नाही. एसक्यूएल सर्व्हरच्या ‘बिट’ कॉलममध्ये मात्र तीन अवस्था असू शकतात: 1, 0 आणि नल, म्हणजे ठाऊक नाही. ॲक्सेस अटीत लिहितं, ‘आणि नोंदणी 0 आहे’. सर्व्हर बघतो तर तिथे नल. ठाऊक नसलेलं शून्याइतकं आहे का? उत्तर हो नाही, नाहीही नाही, उत्तरही ‘ठाऊक नाही’ असंच. आणि अट पाळली असं धरायला स्पष्ट हो लागतो. शून्य नोंदी. दुसरा माणूस पुन्हा हजर.

नलच्या या त्रिशंकू तर्कशास्त्रावर डेटाबेसच्या पंडितांनी उभी हयात वाद घातला आहे, त्यात शिरत नाही. दुकानापुरता उपाय दोन ओळींचा: जुन्या सगळ्या नोंदींत 0 भरायचा आणि कॉलमला सांगायचं की इथे नल चालणार नाही, काही दिलं नाही तर 0 धर.

तिसरा संशयित निराळ्या खुणेनं ओळखू येतो. एखादी नोंद पहिल्यांदा जतन होते, आणि पान न सोडता लगेच दुसऱ्यांदा जतन करायला गेलं की खिडकी येते. इथे खरंच कुणीतरी नोंद बदललेली असते. शेटजींनी कधीतरी म्हटलं होतं, दर कुणी कधी बदलला ते कळलं पाहिजे. कॉम्प्युटरवाल्यानं सर्व्हरवर ट्रिगर बसवला: नोंद बदलली की तिच्यातच बदलाची वेळ लिही. ताईंनी जतन केलं, त्यामागोमाग ट्रिगरनं वेळ लिहिली, आणि ॲक्सेसच्या आठवणीतली नोंद शिळी झाली. आणखीही एक प्रकार फार आढळतो. पडद्यावरच्या ‘एकूण काढा’सारख्या बटणामागचा कोड त्याच नोंदीवर थेट सर्व्हरमध्ये लिहितो आणि पडद्यावरची अर्धवट नोंद अजून जतन व्हायची असते. तिथे दुसरा माणूस ताई स्वतःच असतात. बटणाच्या कोडनं काही करण्याआधी पडद्यावरची नोंद जतन करावी, की झालं.

अंदाज चालवून थकायला झालं तर सरळ आज्ञाच पकडावी. विंडोजच्या ओडीबीसी ॲडमिनिस्ट्रेटरमध्ये ‘ट्रेसिंग’ नावाचं एक पान आहे. ते चालू केलं की ॲक्सेस सर्व्हरशी जे जे बोलतं ते सगळं एका फाइलमध्ये उतरतं. एकदा ती खिडकी आणवायची, लगेच ट्रेसिंग बंद करायचं, नाहीतर फाइल भराभर वाढते आणि दुकान हळू चालायला लागतं. फाइलमध्ये ‘अपडेट’ने सुरू होणारी ओळ शोधायची. तिच्यात कोणकोणते कॉलम अटीत आले आहेत ते दिसतं, आणि एकेक अट काढून तीच आज्ञा सर्व्हरवर ‘सिलेक्ट’ म्हणून चालवली की कोणती अट काढल्यावर नोंद सापडते ते समोर येतं. गुन्हेगार कॉलम तोच. हे काम कंटाळवाणं आहे, पण व्हायरसचा शोध घेण्यापेक्षा शंभरपट स्वस्त आहे.

यांतल्या पहिल्या दोन संशयितांवर एक सर्वसाधारण इलाजही आहे आणि मायक्रोसॉफ्टच्या मदत-लेखांत तो पूर्वीपासून सांगितलेला आहे. टेबलात ‘रोव्हर्जन’ प्रकारचा एक कॉलम घालायचा. तो 8 बाइटचा, आणि नोंदीला कुणीही हात लावला की सर्व्हर आपणहून त्यात पुढचा आकडा घालतो. असा कॉलम दिसला की ॲक्सेस सगळे जुने आकडे पडताळायचं सोडून देतं, फक्त लॉट नंबर आणि हा आकडा बघतं. दशांशाचे चोचले संपले, नलची भानगड संपली. याचं जुनं नाव ‘टाइमस्टॅम्प’ होतं आणि त्या नावानं पुष्कळांनी फसगत करून घेतली आहे. त्यात वेळ नसते, घड्याळाशी त्याचा काडीचाही संबंध नाही, तेव्हा त्याऐवजी तारखेचा कॉलम घालून काही साधत नाही. आणि कॉलम सर्व्हरवर घातल्यावर ॲक्सेसमधून ते टेबल नव्यानं जोडावं लागतं, कारण टेबलाची रचना ॲक्सेस जोडतानाच पाठ करून ठेवतं. हे राहिलं की खिडकी तशीच येत राहते आणि लोक म्हणतात, उपाय खोटा होता.

रोव्हर्जन घातल्यावरही वजनाचा कॉलम ‘डेसिमल’ करून घ्यावाच असं माझं मत आहे. ज्या बाजारात शंभर-दोनशे ग्रॅमवरून काट्यापाशी आवाज चढतात, तिथे 49.70000076 साठवून ठेवण्यात अर्थ नाही.

मायएसक्यूएलवर पीएचपीत लिहिलेल्या पडद्यांवर याच दोषाचा चुलतभाऊ भेटतो. ताईंनी काहीही न बदलता नुसतं जतन दाबलं तर मायएसक्यूएल सांगतं की शून्य नोंदी बदलल्या. नोंद सापडली होती, पण नवा मजकूर जुन्यासारखाच होता म्हणून बदललं काही नाही. कोड लिहिणारा शून्य म्हणजे नोंद सापडली नाही असं समजून बसला असेल, तर पडद्यावर येतं: ही नोंद कोणीतरी पुसली आहे.

इथवर शून्यावरून निदान आरडाओरड तरी होत होती. जास्त महाग पडतं ते आवाज न करणारं शून्य. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले. बदाम, पिस्ते यांवरचा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, खजूर आणि सुके अंजीरही 12 वरून 5 वर. दिवाळी तोंडावर, सियागंजातला सुकामेव्याचा हंगाम ऐन भरात. दर एकेका मालाला हातानं बदलत बसण्यापेक्षा मालाची वर्गवारी सांगणाऱ्या एचएसएन कोडवरून एकदम बदलावेत, हे कुणालाही सुचेल. सीएकडून एक्सेलची यादी येते: कोड, जुना दर, नवा दर. ती डेटाबेसमध्ये घेतली आणि सांगितलं, ज्या मालाचा कोड यादीतल्या कोडशी जुळतो त्याचा दर यादीतला कर. आज्ञा चालली. एरर नाही, खिडकी नाही. आणि दुसऱ्या दिवशी बदामाचं बिल 12 टक्क्यांनीच निघालं.

बदाम-पिस्त्याचा कोड 0802. खजूर-अंजिराचा 0804, काजूचा 0801, जिऱ्याचा 0909, हळदीचा 0910. या कोडांच्या वर्गवारीत सुकामेवा आठव्या प्रकरणात आणि मसाले नवव्या, त्यामुळे या बाजारातल्या बऱ्याचशा मालाचा कोड शून्यानं सुरू होतो. एक्सेलला ते चार अंक दिसले की ते त्यांना संख्या समजतं आणि पुढचं शून्य गाळून टाकतं. 0802 चा 802 होतो. डेटाबेसमध्ये 0802 असा मजकूर, यादीत 802, जुळत काहीच नाही, शून्य नोंदी, आणि एसक्यूएलच्या लेखी काम व्यवस्थित पार पडलेलं. लोखंड-हार्डवेअरच्या दुकानाला हा फटका बसत नाही, त्यांचे कोड 72, 73, 82 नं सुरू होतात. किराणावाल्यांचंच हे दुखणं.

एचएसएन कोड, पिनकोड, मोबाइल नंबर, खाते क्रमांक यांची बेरीज-वजाबाकी कधी करायची नसते, तेव्हा ते एक्सेलमध्येही आणि टेबलातही मजकूर म्हणूनच ठेवावेत. एक्सेलमध्ये कॉलमचा प्रकार ‘टेक्स्ट’ करायचा तो कोड भरण्याआधी. नंतर केला तर गेलेलं शून्य परत येत नाही. आणि असा घाऊक बदल नेहमी व्यवहार उघडून, म्हणजे ‘बिगिन ट्रान्झॅक्शन’ लिहून करायचा. आज्ञा चालवायची, किती नोंदी बदलल्या तो आकडा वाचायचा, आणि मगच ‘कमिट’, म्हणजे बदल कायम, की ‘रोलबॅक’, म्हणजे बदल रद्द, ते ठरवायचं. यादीतल्या कोडांचे दुकानात मिळून 14 प्रकार असतील तर 14 यायला हवेत. 1,400 आले तर अट लिहायची राहिली आहे. 0 आले तर रोलबॅक करून आधी यादीच्या पहिल्या कॉलममधले कोड तीन अंकी आहेत की चार अंकी ते मोजायचं.